शेगडीची झडप

त्या वर्षी होक्काइदोच्या उत्तरेकडच्या आमच्या खोऱ्यात हिवाळा आलाच नाही म्हणा ना. नवं वर्ष लागलं तरी अंगणात चिखल. जानेवारीत चक्क पाऊस पडला, तेव्हा म्हातारी माणसं खिडकीशी उभी राहून आभाळाला शिव्या घालत होती. थंडी नाही म्हणून कुरकुरणारी माणसं बहुधा आमच्याकडेच सापडतील. पण कडाक्याची थंडी आमच्या ओळखीची. तिच्याशी कसं वागायचं ते आम्हाला ठाऊक. ही कोमट, ओली, धड इकडची ना तिकडची हवा कुणाच्याच परिचयाची नव्हती. तोमिएच्या तर नव्हतीच.

तोमिए आमच्या शिरानाइ वस्तीच्या टोकाच्या घरात राहायची. नवरा गिंजिरो जन्मभर जंगलात झाडं तोडायच्या टोळीत होता. तोंडाने फटकळ, हाताने पक्का. मागच्या उन्हाळ्यात त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो डावा हात, घशातून निघणारा एक ‘आऽ’, आणि रडू. डॉक्टरांनी तोमिएला सांगून ठेवलं होतं, "या दुखण्यात माणूस कारण नसताना रडतो. मनाला लावून घेऊ नका." तिने ते अगदी शहाण्यासारखं ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मुलगा शिगेरू आसाहिकावा शहरात राहायचा. बापाला अंथरुणाला खिळलेल्यांच्या संस्थेत ठेवायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"आई, तू सत्तरी ओलांडलीस. शेगडी तू सांभाळणार, बाबांना कुशीवर तू वळवणार. आणि तूच पडलीस तर?"

"पडले तर उठेन. आजवर काय तू उठवायला येत होतास?"

"हे बघ, असं तिरकं बोलून चालणार नाही."

"मग सरळ सांगते. तिथे त्यांना कोण ओळखतंय? त्यांच्या ‘आऽ’चा अर्थ मला कळतो. तिथल्या पोरींना कळणार आहे?"

शेवटी दोघांत ठरलं, की एक हिवाळा बघायचा. काही वेडंवाकडं झालं नाही तर गिंजिरो घरीच राहील. झालं, तर मुकाट्याने संस्थेत, आणि तोमिएने तोंडातून ब्र काढायचा नाही. संस्था दूर, डोंगरापलीकडच्या गावात. तिथे जागा फक्त आजाऱ्याला. बायकोला मुलाकडे जायचं नसेल तर तिने घरी एकटं राहायचं. तोमिएने हो म्हटलं. एक हिवाळा काय, तिने या घरात कितीतरी काढले होते.

आमच्याकडे पहिल्या बर्फाला शेगडी पेटली की वसंतात चेरी फुलेपर्यंत ती विझू द्यायची नाही, अशी बायकांची शिस्त. सासू सुनेला आधी हेच शिकवते. पूर्वी जिची आग विझायची तिला शेजारणीच्या दारात निखारे मागायला जावं लागे, आणि मग त्याची चर्चा सगळी वस्ती चवीने करायची. आता निखारे मागायला कुणी जात नाही, तरी आग विझलेल्या घरच्या बाईकडे बघून नाकं मुरडली जातातच. तोमिएने लग्न झाल्यापासून एकदाही विझू दिली नव्हती. लाकूड घालायचं काम तिचं. धुराड्यातली, आगीची ओढ कमी-जास्त करणारी झडप मात्र गिंजिरोची. ती कधी उघडायची, किती फिरवायची, हे त्याने कुणाला शिकवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. "तिला हात लावू नकोस," म्हणायचा, आणि ती लावायची नाही. संसारात अशी वाटणी खपून जाते, दोघंही उभी आहेत तोवर.

घरात पत्र्याचं धुराडं खोलीभर आडवं फिरून मग भिंतीतून बाहेर जायचं. धुराने जाता जाता तेवढीच ऊब देऊन जावं म्हणून. सांध्यांतून काळं पाणी ठिबकायचं, त्याखाली तारेने रिकामे डबे टांगलेले. बिछाना त्या आडव्या नळीखाली, सगळ्यांत उबदार जागी.

या हिवाळ्यात झडप तोमिएच्या हातात आली. बाहेर गारठा नाही, लाकूड जपून वापरायचं, खोली तापू द्यायची नाही आणि आग तर विझता कामा नये. तिने आपल्या बुद्धीने तोड काढली. एक जाड ओंडका आत सारायचा, झडप जवळजवळ मिटून टाकायची, की तो ओंडका दिवसभर धुमसत राहतो. ज्वाळा नाही, पण आग आहे. तिला वाटलं, जमलं आपल्याला. खरं तर तिला थोडा अभिमानच वाटत होता.

गिंजिरो पडल्या पडल्या बघत असायचा. मग डावा हात वर करायचा, धुराड्याकडे बोट दाखवायचा आणि मनगट फिरवायचा. "आऽ! आऽ!"

"उकडतंय होय?" तोमिए म्हणायची. त्याच्या कपाळावर घाम असायचाच. ती उठून झडप आणखी मिटायची.

की तो डोक्याखालची उशी डाव्या हाताने बडवायचा आणि हुंदके देऊन रडायचा. ती त्याचं तोंड पुसायची. "असू दे हो, असू दे. डॉक्टर म्हणालेत, होतं असं." पहिल्या दिवसांत ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसून राहायची. पुढे पुढे ती रेडिओ लावायची.

शेजारचा इवाबुची गिंजिरोच्याच टोळीतला. दरवर्षी नव्या वर्षानंतर निखारे राखेखाली झाकून धुराडं उतरवून झाडायचं असतं. गिंजिरो पडल्यावर ते काम त्याने अंगावर घेतलं होतं. पण त्याची कंबर धरली होती. एके दिवशी काठी टेकत चहाला आला.

"काय रे गिंजिरो, बायकोकडून सेवा करून घेतोस, गोरागोमटा झालास! लग्नात असा दिसला असतास तर माझ्या बहिणीने सोडला नसता तुला."

गिंजिरोने त्याच्याकडे बघून हात वर केला, मनगट फिरवलं. "आऽ!"

"मला हाकलतोय बघा, वहिनी. बहिणीचा विषय काढला ना."

"अहो भाऊजी, दिवसभर तेच चालतं. उकडतं त्यांना."

"धुराडं झाडायचं राहिलंय तुमचं. कंबर सरळ होऊ दे, येतो."

"सावकाश या. यंदा जाळतोय कुठे एवढं? काजळी धरायला आग तरी हवी."

"तेही खरंच," इवाबुची म्हणाला, आणि दुसरा चहा घेऊन गेला. गिंजिरोने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो दिवसभर जेवला नाही.

जानेवारी सरता सरता पावसाची झड लागली. त्या दिवशी दुपारी आंघोळ घालायला नात्सुमे नावाची परिचारिका येणार होती. नवरा ओल्या अंगाने कुडकुडू नये म्हणून तोमिएने जेवणानंतर पटकन पेटणारी बर्च झाडाची साल आणि बारीक फोडलेली लाकडं भरली आणि कित्येक आठवड्यांनी झडप पूर्ण उघडली.

आग चढली. आधी तिला बरं वाटलं. मग धुराड्यात घरघर सुरू झाली, जसा चढावर मालाचा ट्रक लागावा. आवाज वाढतच गेला. आडवी नळी तांबूस झाली, हादरायला लागली, डबे एकमेकांवर आपटले. तोमिएने झडप मिटली, शेगडीचं दार दाबून धरलं. उशीर झाला होता. सांधा निसटला आणि आत साचलेल्या काजळीचं जळतं डांबर गिंजिरोच्या पायाशी पांघरुणावर पडलं.

तिने कसं केलं ते तिलाही सांगता यायचं नाही. गादीची कड दोन्ही हातांत धरून तिने त्याला ओढत ओसरीवर आणलं आणि बोंब ठोकली. इवाबुची काठी टाकून धावत आला. सवयीने त्याने फावडं उचललं, कारण आमच्याकडे आग लागली की बर्फ टाकतात. बर्फ नव्हतं. त्याने चिखलच फावड्याने खिडकीतून आत भिरकावला. तोमिएने स्वयंपाकघरातलं कोबी-मासळीच्या लोणच्याचं पिंप ओढत आणून आगीवर लवंडलं. कोबी, मासळी, खारं पाणी, सगळं चटईवर. आग विझली. एक भिंत काळी झाली, आणि गिंजिरोच्या पायाला पोळलं, त्या पायाला ज्यात त्याला काही जाणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इवाबुचीने धुराड्याचे तुकडे अंगणात आणले. ज्या नळीला आग पोहोचली नव्हती तिच्यात बोटही शिरेना, इतकी ती आतून काळ्या चिकट्याने भरली होती.

"वहिनी, झडप मिटून ठेवत होता?"

"हो. आग विझू नये म्हणून."

इवाबुचीने नळी खाली ठेवली. "कडाक्यात आग जोरात जळते, धूर गरम असतो, वर ओढला जातो. अशा कोमट हवेत धुमसत ठेवलं की सगळं आतच चिकटतं. हिवाळा सरताना अशी हवा पडली की गिंजिरो रात्री आग विझू द्यायचा. पहाटे थोडी लाकडं, पण झडप उघडी टाकून, धडधडून."

"विझू द्यायचे? माझ्या घरात?"

"तुम्ही उठायच्या आत पुन्हा पेटवायचा. आम्हाला सांगून हसायचा. म्हणायचा, हिला कळलं तर जेवायला घालणार नाही."

तोमिए आत गेली. गिंजिरो जागा होता. ती त्याच्याजवळ बसली आणि तिने आपलं मनगट फिरवलं, त्याच्यासारखं. "‘झडप उघड’ म्हणत होतात?"

त्याने डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली. तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि ती रडली, आणि या वेळी रडायला कारण होतं.

शिगेरू आला तेव्हा तिने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "आता कळलंय मला, शिगेरू. कुठे चुकलं ते नेमकं कळलंय. पुन्हा नाही व्हायचं. एवढा एक हिवाळा."

"आई, बाबा जळले असते."

"पण त्यांना कळत होतं! त्यांना सगळं कळतं, मलाच—"

"तू म्हणाली होतीस, त्यांच्या ‘आऽ’चा अर्थ तुला कळतो." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं.

संस्थेची गाडी आली तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. दोन पोरगेलीशी माणसं, बोलायला गोड. त्यांनी गिंजिरोला चाकांच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं, आणि दारातून बाहेर काढताना खुर्ची एकदम अडली. गिंजिरोने डाव्या हाताने दाराची चौकट धरली होती.

"आजोबा, हात सोडा बरं. पोहोचल्यावर गरम गरम सूप देतो."

तो सोडेना. आवाजही करेना. शिगेरू अंगणात पाठ करून उभा राहिला. गाडीबरोबर आलेल्यांतल्या एकाने हलकेच गिंजिरोच्या मनगटाला हात घातला आणि ओढून पाहिलं.

"थांबा," तोमिए म्हणाली. "तुम्ही असं ओढाल तर दुखेल त्यांना. मधलं बोट मागे करवतीने कापलं होतं, ते वाकत नाही. मी सोडवते."

ती त्याच्यासमोर वाकली. तो रडत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता, आणि तो काय म्हणतोय हे तिला या वेळी स्वच्छ कळत होतं. तिने करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. डाव्या हातात अजून बराच जोर होता. अंगठ्याला तिला दोन्ही हात लावावे लागले.