सावकाशरावांची लाल डबी

डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. चिडवायला म्हणत, पण बायकोपोरांना घेऊन लांब जायचं असलं की तेच लोक हळूच विचारत, "आज सावकाशरावांची बस कुठली?" साऱ्या नोकरीत त्यांच्या बसला एक ओरखडा म्हणून नाही. वळणाआधी वेग कमी, उताराला खालचा गिअर, लांब कुत्रं दिसलं तरी पाय ब्रेकवर. घरातही तीच तऱ्हा. जिना उतरताना कठडा सोडायचे नाहीत, आणि चहा इतका फुंकायचे की काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, प्यायचाय तो, झोपवायचा नाहीये!"

काकू म्हणजे त्यांची बायको. शेजारीपाजारी लहानथोर सगळ्यांच्याच त्या काकू. नवरा सकाळी बस घेऊन गेला की संध्याकाळी धड घरी येणार, याची त्यांना कधी काळजी करावी लागली नाही. बाकी ड्रायव्हरांच्या बायका खिडकीत उभ्या राहायच्या, काकू खुशाल झोप काढायच्या.

पुढे सावकाशराव निवृत्त झाले. आता घरात बसून माणूस करणार काय? नुसत्या येरझारा. स्वयंपाकघरात काकूंच्या पायात पायात यायला लागले, डबे उघडून बघायला लागले. शेवटी काकूंनीच जावयाला गळ घातली, "यांना काहीतरी उद्योग द्या हो." जावईबापूंनी आपला जुना गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणून टीव्हीला जोडला, जेवणाच्या टेबलाला खेळातलं स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवली. तिथेच माशी शिंकली.

खेळात गाड्या ढिगाने. एकीपेक्षा एक देखण्या, जमिनीला पोट टेकलेल्या. सावकाशरावांचं मन बसलं ते एका चिमुकल्या जुन्या जपानी गाडीवर. चौकोनी, डबीसारखी, लाल. जावईबापू म्हणाले, "बाबा, हिला कमी समजू नका. आत टर्बो आहे, इंजिनाला जादा जोर देणारा, आणि वजन काहीच नाही. खेळणारे वेडे आहेत हिच्यासाठी. मोठ्या गाड्यांना वळणावर रडवते ही!" तसंच झालं. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या पुढे पळायच्या, पण वळण आलं की डबी आतल्या बाजूने घुसायची, मागचं एक चाक हवेत, आणि एकेकाला मागे टाकत निघायची. जन्मभर ज्यांना मागच्यांनी हॉर्न मारमारून ओलांडलं, ते आता दुसऱ्यांना ओलांडत होते. चेहरा नुसता फुललेला. काकूंना कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगा?

त्या स्टिअरिंगवर उजव्या अंगठ्याखाली एक बटण होतं. गाडी आपटली, उलटली, की ते दाबायचं. मग सगळं मागे फिरायचं. फुटलेली काच जुळायची, गाडी दरीतून वर यायची आणि वळणाच्या अलीकडे जाऊन पोचायची. घ्या पुन्हा वळण! सावकाशराव ते बटण इतक्या वेळा दाबायचे की पुढेपुढे अंगठा आपोआप चालायला लागला.

एके दिवशी त्यांच्या हातून कप सुटला. फरशीवर ठिकऱ्या. ते वाकले नाहीत, की चुकचुकले नाहीत. नुसते उभे राहिले आणि अंगठा बोटावर दाबला. काकूंची हसून हसून पुरेवाट झाली. मग एकदा जिन्यात त्यांचा पाय घसरला. कठडा हाताशी होता, तो त्यांनी धरला नाही. तेव्हाही अंगठाच दाबला आणि तीन पायऱ्या घरंगळले. या वेळी काकू हसल्या नाहीत.

आणि अशात जावईबापूंनी खरीखुरी तीच गाडी कुठूनशी हुडकून काढली. सावकाशरावांनी क्षणभरही विचार न करता ती घेऊन टाकली. डेपोतला त्यांचा जुना दोस्त, फिटर, गाडीखाली शिरून सगळं बघून आला. "इंजिन ठणठणीत. ब्रेक नवे घातलेत, बोट लावलं तरी थांबेल. तुझ्या हातात गाडी, म्हणजे प्रश्नच मिटला," म्हणाला.

काकूंनी मुलीला फोन केला. "बाबा गाडी जोरात हाणतात गं. मला धडकी भरते."

"बाबा? आणि जोरात?" मुलगी खिदळायलाच लागली. "आई, काहीतरीच तुझं!"

कोणाला सांगून पटणार होतं? माणसाचं सगळं आयुष्यच काकूंच्या विरुद्ध साक्ष देत होतं. मग त्यांनी एकच केलं. ते गाडी काढायचे, तेव्हा त्या शेजारी जाऊन बसायच्या. तलावाकडच्या डोंगराला रस्ता नुसता वळणावळणाचा. टर्बो शिटी वाजवायचा, गाडी उसळायची, काकू पदर मुठीत धरून म्हणत राहायच्या, "अहो, हळू. अहो, हळू."

एका रविवारी दुपारी वळणाच्या आतल्या कडेला एक सायकलवाला खाली बसून चेन बसवत होता. काकूंना तो दिसला. सावकाशरावांनाही दिसला. गाडीचं मागचं अंग भेलकांडलं, आणि काकूंची नजर त्यांच्या हाताकडे गेली. अंगठा स्टिअरिंगच्या दांडीवर दाबत होता. पुन्हा, पुन्हा. या जुन्या गाडीत तिथे हॉर्नचं बटण असतं. हॉर्न किंचाळला, सायकलवाल्याने गटारात उडी टाकली आणि सायकलच्या मागच्या चाकाचा चोळामोळा करून डबी पुढे जाऊन थांबली.

सायकलवाला चिखलातून बाहेर आला. वर हात जोडून म्हणाला, "साहेब, हॉर्न दिलात म्हणून वाचलो हो!"

सावकाशरावांनी त्याला नवं चाक घेऊन द्यायचं कबूल केलं, घरी सोडलं. मग वाटेत गाडी बाजूला घेतली. तोंड पांढरंफटक.

"मी हॉर्न दिला नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"ब्रेक दाबला नाही गं मी. पाय हललाच नाही. माझा पाय!" आणि ते ढसाढसा रडले. काकूंनी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. घरी आल्या आल्या त्यांनी किल्ली काकूंच्या हातात कोंबली. "लपवून ठेव. मी पाया पडलो तरी देऊ नकोस. माणूस मारीन मी." काकूंनी ती पिठाच्या डब्यात खोल खुपसली आणि आत जाऊन पडल्या. जिवावरचं निभावलं, असं वाटून त्यांचाही बांध फुटला.

संध्याकाळी चहा झाला. सावकाशराव आज फुंकत बसले नाहीत, गरम गरमच प्यायले. मग अगदी गोडीत म्हणाले, "अगं, किल्ली कुठे ठेवलीस?"

काकूंनी कपबशा उचलल्या. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. संसारात नवऱ्याशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

"वळणात शिरतानाच चुकलं माझं. थोडं आधी आत घेतलं असतं ना, तर बसलं असतं बघ बरोबर. एकदा पुन्हा घेऊन बघतो."

"दुपारी रडत होतात तुम्ही! अहो, माणूस होता तो!"

"पण वाचला ना?" ते समजुतीने म्हणाले आणि चप्पल घालायला लागले. "असू दे, शोधू नकोस. जावईबापूंनी दुसरी किल्ली करून दिलीय."

काकू दारात उभ्या राहिल्या. आडव्या पडल्या असत्या, पण ते ओलांडून गेले असते, हे त्यांना दिसत होतं. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी पदर खोचला, गॅस बंद केला, धावत जिना उतरल्या आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला.