गुरुवारची टर्की

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर जीप उभी होती आणि माझ्या दोन्ही बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या. ऑगस्टचे दिवस. साखर कारखान्याचा हंगाम संपला की तिथली माणसं आरामात असतील असं लोकांना वाटतं, पण फिटरचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. सगळी यंत्रं खोलून, साफ करून परत बसवायची असतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्कशॉपमधूनच सरळ नाक्यावर आले होते. हाताला ग्रीस होतं म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही, नुसतं कोपरानं पाठीत ढोसलं. माझ्याबरोबर अमेरिकेला निघालेल्या मुलाला त्याचे वडील अभ्यासापासून सिगारेटपर्यंत सगळ्यावर सूचना देत होते. अण्णांनी जीप सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन एकच सांगितलं. "तिकडं मिळंल ते खा, लाजू नकोस. गुरुवार तेवढा सांभाळ."

आमच्या घरात आम्ही दोघंच. मी चौथीत असताना आई गेली, आणि त्याच वर्षी मला कावीळ झाली. अशी झाली की डॉक्टर अण्णांना बाजूला घेऊन बोलायला लागले. तेव्हा अण्णा दत्ताला नवस बोलले, की पोरगं उठू दे, आम्ही बापलेक जन्मभर गुरुवारी मांसमच्छीला हात लावणार नाही. मी उठलो. रविवारी अण्णा स्वतः मटण करायचे, गल्लीभर वास सुटायचा, पण गुरुवारी आमच्या घरात अंडंसुद्धा फुटायचं नाही. लहानपणी मला तो नुसता नियम वाटायचा, जाचही वाटायचा. अण्णांनी त्यात काय ठेवलं होतं ते कळायला मला स्वतःची मुलगी तापानं फणफणलेली बघावी लागली.

टेक्सासमधली माझी पहिली थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरअखेर घरोघरी टर्की खायच्या सणाची सुट्टी. कँपस रिकामं, बस बंद, दुकानं बंद. त्या आठवड्यात माझं वारांचं भानच सुटलं होतं. माझा रूममेट नीलेश, अमरावतीचा, आदल्या दिवशी दुकानातून एक स्मोक्ड टर्की घेऊन आला होता. प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेला, तपकिरी, चकचकीत पक्षी, दोघांना आठवडाभर पुरेल एवढा. नुकतेच इकडे आलेल्यांसाठी सांगून ठेवतो, दुकानातली स्मोक्ड टर्की पूर्ण शिजलेली असते. आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग तासन् तास धुरावर ठेवतात. आपण ती फक्त गरम करायची. धुरावर शिजलेलं मांस आतून गुलाबीच राहतं. हे सगळं वेष्टनावर लिहिलेलंही असतं. आम्ही वेष्टन फेकून दिलं, टर्की कापली, आत गुलाबी दिसलं, आणि दोघांचंही तात्काळ एकमत झालं की कच्ची आहे.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. तुकडे करून नळाखाली चोळून चोळून धुतले, हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवले आणि कुकरच्या पाच शिट्ट्या काढल्या. एका वेळी मावेना म्हणून तीनदा कुकर लावला. कुकर उघडला तेव्हा आत सुतळीसारखे धागे होते आणि ते इतके खारट की जीभ आत ओढली जावी. तरी आम्ही ते भातात कालवून खाल्लं, हसत हसत खाल्लं, कारण भूक होती, बाहेर थंडी होती आणि घरापासून लांब आलेले आम्ही दोघंच त्या बिल्डिंगमध्ये होतो. हात धूत असताना फोन वाजला. कारखान्याला निघण्याआधी अण्णांनी लावला होता. "काय रे, काय जेवलास?" त्यांनी विचारलं, आणि मला एकदम आठवलं की आज गुरुवार आहे.

"वरण-भात," मी म्हणालो.

"बरं," अण्णा म्हणाले.

त्याआधी मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो असं नाही. पण हे खोटं दर वर्षी नव्यानं बोलावं लागायचं, कारण थँक्सगिव्हिंग इथे कायम गुरुवारीच येतो. हा वार ठरवताना कुणी काय विचार केला असेल ते देव जाणे, आमच्या घराचा तरी केलेला दिसत नाही. आणि एक गुरुवार मोडला की दुसऱ्याला फारसं अवघड जात नाही. ऑफिसचं लंच, कुणाचा तरी वाढदिवस, कधी नुसता कंटाळा. पाच-सात वर्षांत माझे सगळेच गुरुवार गेले. अण्णांनी विचारलं की मी वरण-भात सांगायचो. इतका वरण-भात जगात कुणी खाल्ला नसेल.

पुढे नोकरी लागली, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं. गावाचं नाव कळल्यावर अण्णा फोनवर बराच वेळ हसत होते. "साखरेच्या कारखान्यातनं पळालास ते साखरेच्याच गावाला गेलास होय." माझी बायको स्मिता नागपूरची, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. थँक्सगिव्हिंगला तिची दिवसभर ड्यूटी हमखास असते, त्यामुळे टर्की माझ्याकडे आली. शेजारच्या डोना नावाच्या आजींनी ती नीट गरम करायला शिकवलं. गोठवलेली असेल तर तीन दिवस आधी फ्रिजमध्ये काढून ठेवायची. ओव्हन तीनशे पंचवीस फॅरनहाइटवर, ट्रेमध्ये दोन कप पाणी, वरून फॉइल. मांडीच्या मांसात थर्मामीटर खुपसायचा, हाडाला लागू द्यायचा नाही, आणि एकशे पासष्ट झाले की बाहेर. मीठ अजिबात घालायचं नाही. ह्यूस्टनला शिकणाऱ्या तीन-चार मराठी मुलांना मी त्या दिवशी दर वर्षी जेवायला बोलावतो, कारण रिकामं कँपस कसं असतं ते मला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी अण्णा आमच्याकडे आले. कराडच्या घरात ते एकटे. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले तर दुपारपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. आता त्यांना परत जाऊ द्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं आणि त्यांच्या ग्रीन कार्डच्या कागदपत्रांचीही चौकशी केली होती. एकच धास्ती होती. माझे गुरुवार कधीच बुडालेत हे त्यांना कळलं तर ते माझ्या घरात एक दिवस राहणार नाहीत. म्हणून मी घरातलं चिकन-अंडं वार बघून शिजवायला लागलो, आणि थँक्सगिव्हिंगचं जेवण यंदा शुक्रवारी असं मुलांना कळवून टाकलं.

बुधवारी सकाळी अण्णा दूध घ्यायला फ्रिजकडे गेले ते तिथेच थांबले.

"एवढी मोठी कोंबडी?"

"टर्की आहे, अण्णा. शुक्रवारी करायचीय."

माझी मुलगी ईरा, तेव्हा आठ वर्षांची, टेबलाशी सीरियल खात होती. "नो बाबा, वी ईट इट ऑन थर्सडे. थँक्सगिव्हिंग इज ऑल्वेज थर्सडे."

"या वर्षी शुक्रवारी, ईरा."

"बट वी नेव्हर डू फ्रायडे," ती म्हणाली, आणि आजोबांना नीट समजावं म्हणून माझा फोन उचलून फोटो दाखवायला लागली. गेल्या वर्षीचा, त्याच्या आदल्या वर्षीचा, ती रांगत होती तेव्हाचा. प्रत्येक फोटोत मी होतो, आणि निम्म्या फोटोंत माझ्या हातात तंगडी होती. चाळीस वर्षं ड्यूटीचे तक्ते इंग्रजीत वाचलेल्या माणसाला थर्सडे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अण्णांनी चष्मा पुसून एकेक फोटो पाहिला. "बरं," म्हणाले, आणि दूध न घेताच खोलीत गेले.

त्या दिवशी ते जेवले, ईराशी पत्ते खेळले, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलले. मी स्मिताला म्हणालो, "आता ते तिकीट काढायला सांगणार बघ." ती म्हणाली, "यार, तू आधी त्यांच्याशी बोल तरी." मी बोललो नाही. काय बोलणार होतो?

गुरुवारी सकाळी स्मिता ड्यूटीला गेल्यावर अण्णा स्वयंपाकघरात आले.

"तुझी ती पोरं आज काय खाणार?"

"करतील काहीतरी. कँपसवर आज सगळं बंद असतं."

"म्हणजे सण आज, आणि जेवायला उद्या बोलावलंस. माझ्यासाठी."

मी मान हलवली.

"फोन लाव. आज बोलव त्यांना."

मी फोन लावला. मग टर्की ट्रेमध्ये ठेवली, पाणी ओतलं, फॉइल पसरलं. अण्णा बाजूला उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. "सरक. कडेनं सगळी वाफ जाणार तुझी." आणि त्यांनी ट्रेची कड धरून फॉइल इंचाइंचानं मुडपत नेलं, कोपऱ्यात दुहेरी घडी घातली, वरून अंगठा फिरवला. बॉयलरच्या झाकणाचं पॅकिंग बसवतानाही त्यांचे हात असेच चालताना मी लहानपणी पाहिले होते. थर्मामीटर तर त्यांना फारच आवडला. दर पंधरा मिनिटांनी ओव्हनच्या काचेतून फॉइलवर डोकावणारा त्याचा आकडा बघून मला सांगत होते.

दुपारनंतर टर्की बाहेर काढली. ट्रेमध्ये धुराच्या वासाचा रस उतरला होता. "नुसतं कोरडं गिळणार काय पोरं," म्हणत अण्णांनी कांदा-खोबरं भाजून वाटण केलं आणि त्या रसाचा रस्सा टाकला. हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला आणि मी काही म्हणायच्या आत मीठ पडलंही. एक उकळी आल्यावर त्यांनी पळी माझ्यापुढे धरली.

"चव बघ. मला आज चालत नाही." मग गॅस बारीक करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला चालतं."

रागावले असते तर मी वाद घातला असता. दोन दिवसांत मुद्देही तयार करून ठेवले होते. "अण्णा, चुकलं माझं," मी म्हणालो. "गुरुवार मोडला तो मोडला, पण इतकी वर्षं तुमच्याशी खोटं..."

"मी मिठाचं विचारलं."

मी तळहातावर रस्सा घेऊन चाटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "जास्त झालंय," मी म्हणालो. "खारट आहे."

"हां. असं सांगायचं," अण्णा म्हणाले, आणि रस्स्यात टाकायला बटाटे सोलायला बसले.

संध्याकाळी मुलं आली. अण्णांनी स्वतः सगळ्यांना रस्सा वाढला, आग्रह केला आणि त्यांच्याच पंगतीत बसून वरण-भात खाल्ला. सायली नावाची सोलापूरची मुलगी म्हणाली, "आजोबा, चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले." मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर वरण-भातच घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला तोच खावासा वाटला.

जानेवारीत अण्णा परत गेले. मी कागदपत्रांचं सांगितलं, पडण्याची भीती घातली, ईराला पुढे केलं. ते म्हणाले, "गुरुवारामुळं चाललोय असं मनात आणू नकोस. इथं काही कमी नाही. पण मी नसलो तर इथं काही अडत पण नाही. तिकडं नाक्यावर चार माणसं वाट बघत्यात." मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. शेजारच्यांनी रोज सकाळी त्यांना हाक मारायची एवढी सोय लावून दिली आहे.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांचा आपण होऊन फोन आला. त्यांनी सगळं फिटरच्या डोक्यानं बसवलं होतं. "नवस मी कुठं बोललो? कराडात. मग गुरुवार पण कराडचाच धरायचा. आणि वार घड्याळावर बदलत नाही, सूर्य उगवला की बदलतो. इकडं पावणेसातला उजाडतंय. तुमच्याकडं तेव्हा किती वाजतात?"

"गुरुवार संध्याकाळचे सव्वासात."

"मग झालं की. सव्वासातपर्यंत थांबायचं, मग खुशाल खायचं."

हे शास्त्रात बसतं का ते मी कुणाला विचारलेलं नाही. तेव्हापासून मी गुरुवार पाळतो, कराडच्या सूर्यावर. त्यामुळे आमच्याकडे बुधवारी रात्रीच वरण-भात असतो आणि गुरुवारी रात्री काहीही चालतं. स्मिता हसते, ईराला हे अगदी सरळ वाटतं. साडेअकरा तासांच्या या फरकानं मला वर्षानुवर्षं छळलं आहे. मी ऑफिसला निघेपर्यंत तिकडे दिवस मावळलेला असायचा, मला बोलावंसं वाटेपर्यंत अण्णा झोपलेले असायचे. आता त्याच फरकानं मला सांभाळून घेतलं आहे. घर कुठे असं कुणी विचारलं तर मी शुगर लँडचा पत्ता देतो, कारण माझी माणसं, माझं काम, सगळं इथेच आहे, आणि ते मला आवडतं. पण आज कोणता वार आहे हे मी कराडला विचारतो. आणि काय जेवलो ते खरं सांगतो.

गेल्या थँक्सगिव्हिंगला टेबलाशी आम्ही सातजण बसलो होतो. टर्की कापून फॉइलखाली झाकली होती, सव्वासात होऊन गेले होते आणि फोन येत नव्हता. शेवटी ईरानंच लावला. अण्णा गच्चीवर उभे होते, मफलर गुंडाळून.

"आजोबा, इज इट फ्रायडे?"

"थांब जरा, बाळा. धुकं हाय. दिसंना अजून."

मुलांनी भुकेनं एकमेकांकडे पाहिलं. पडद्यावर नुसतं पांढरं होतं, आणि त्यात कारखान्याचं धुराडं पुसट दिसत होतं. हंगाम सुरू झाला होता. पाच-सात मिनिटं आम्ही सगळे ते पांढरं बघत बसलो. मग त्याला एका कडेनं पिवळेपणा चढला आणि अण्णांनी फोन स्वतःकडे वळवला.

"आला वर," ते म्हणाले. "वाढ पोरांना. मी पण मटण आणायला निघतो."