चारचा अंधार

यशोधराबाई रणपिसे यांनी दोनशेच्या वर माणसं मारली आणि एकाही खुनाला स्वतःचं नाव लावलं नाही. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. ड्यूटीवर माणसं वाचवायची आणि घरी येऊन, कुकरच्या शिट्ट्या मोजत, किचनच्या टेबलावर मुडदे पाडायचे. त्यांच्या रहस्यकथा एके काळी महाराष्ट्रातल्या एसटी स्टँडवर भज्यांसारख्या खपायच्या. पण नाव कुणाचं? तर शेखर वज्रेचं. आणि हा शेखर वज्रे कधी जन्मालाच आला नव्हता!

हे बारसं केलं पुण्याच्या अप्पा देवस्थळ्यांनी. प्रकाशक माणूस, गोड बोलून काम करून घेणारा. "बाई, बायकांच्या नावावर खून खपत नाहीत हो," ते पुण्यातल्या पहिल्याच भेटीत म्हणाले.

"आणि आडनावावर?" यशोधराबाईंनी विचारलं. अप्पांनी नुसता चष्मा पुसला. बाई काय समजायचं ते समजल्या, पण लिहायची खाज दांडगी, म्हणून गप्प बसल्या. पुढं बाडं पोस्टानं पुण्याला जात राहिली आणि छापून झाली की रद्दीत. त्यांच्याजवळ पुरावा म्हणून चिठोराही उरला नाही.

नवरा, हरिदास, बिचारा साधा. "अगं, काहीतरी चांगलं लिही की," म्हणायचा. विहारातली मंडळी तर मागंच लागायची, "ताई, चळवळीसाठी लिहा." यावर बाई फाडकन म्हणायच्या, "चळवळ मी रविवारी करते. खून मंगळवारी." पण एक सांगतो, त्यांच्या एकाही पुस्तकात खुनी घरगडी नव्हता, की मोलकरीण नव्हती. संशय पहिला त्यांच्यावर यायचा आणि खुनी निघायचा दिवाणखान्यात, सोफ्यावर बसलेला. ही चळवळ नाही तर काय हो?

फक्त एक घोटाळा व्हायचा. गोष्टी सगळ्या पुण्यातल्या आणि लिहिणारी बर्मिंगहॅमची, जिथं हिवाळ्यात चारलाच दिवे लागतात. त्यामुळं डिसेंबरातल्या प्रत्येक गोष्टीत दुपारी चार वाजता पुण्यात काळोख व्हायचा. इन्स्पेक्टर तडवळकर चारच्या चहाला बॅटरी घेऊन निघायचा! वाचक हसायचे, अप्पा फोनवर हसायचे. बाई मात्र जाम ओशाळायच्या. आपल्याला आपलं गावच आठवेनासं झालं, असं वाटायचं त्यांना.

हरिदास गेला, अप्पा गेले. परवा नातीनं, दीक्षानं, मोबाइल पुढं धरला. "आजी, बघ ना, हा तुझा गोष्ट आहे ना? ऑडिओबुक आलाय."

"माझी गोष्ट, बाळा. गोष्ट स्त्रीलिंगी असते," बाई म्हणाल्या. "आणि लिहिणारीसुद्धा."

ऑडिओबुक काढलं होतं अप्पांच्या पुतण्यानं, अंशुमननं. त्यात तो खुशाल सांगत होता की शेखर वज्रे म्हणजे आमचे अप्पाकाकाच! डिसेंबर चालू होता आणि रविवारी लंडनला, वेम्बलीत, त्याचा कार्यक्रम होता. बाईंचं डोकं असं फिरलं की विचारू नका. आयुष्यभर नाव लपवलं ते ठीक, पण ते दुसऱ्याच्या घरात नांदायला गेलेलं? मुळीच नाही. गुडघ्याला पट्टा बांधून, दीक्षाला घेऊन त्या ट्रेनमध्ये बसल्या.

ईलिंग रोडजवळचा हॉल गच्च भरला होता. अंशुमन रंगात आला होता. "काकांची एक गंमत सांगतो," तो म्हणाला. "त्यांच्या पुण्यात डिसेंबरात चारलाच अंधार पडतो! वातावरणनिर्मिती हो, दुसरं काय!"

लोक हसले. यशोधराबाई उठल्या. आवाज वॉर्डातला, माइक कशाला हवा?

"अहो अंशुमनराव, तुमचे काका कधी परदेशात आले होते?"

"नाही, पुण्याबाहेर करमायचंच नाही त्यांना. पण आपण कोण?"

बाई लोकांकडं वळल्या. "निघताना घरातले दिवे लावून आलेले हात वर करा."

मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळा हॉल. चार नुकते वाजून गेले होते, खिडकीबाहेर काळंकुट्ट झालं होतं, आणि आत समोसेसुद्धा अजून आले नव्हते.

"हा अंधार पुण्याचा नाही, बाळा," बाई म्हणाल्या. "हा माझ्या किचनच्या खिडकीतला आहे. लाज वाटायची मला त्याची. आज नाही वाटत. शेखर वज्रे मी आहे. यशोधरा हरिदास रणपिसे."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. अंशुमन खाली उतरला, चेहरा पडलेला. "आजी, मला खरंच माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "नवीन आवृत्तीवर तुमचंच नाव घालतो. आणि ती अंधाराची चूक तर आम्ही दुरुस्तच करतोय, सहा वाजता केलाय."

बाईंनी त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

"खबरदार! नाव माझं घाल, आणि अंधार चारलाच पाड."