एकच मालक, घरगुती वापर

आमच्या ह्यांचा ॲम्प्लिफायर परत विकायला आलेला मोबाइलवर दिसला, तेव्हा मी कुकर लावायला उठले होते. कुकर तसाच राहिला. विकून पुरता पंधरवडासुद्धा झाला नव्हता.

ह्यांना गाण्यापेक्षा गाणं वाजवणाऱ्या डब्यांचं वेड. करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाला जागा नव्हती, पण ॲम्पला शोकेस होती. पुढे काच, काचेमागे दोन सुया, आणि गाणं लागलं की त्या सुया नाचायच्या. रविवारी सकाळी बनियनवर बसून हे मऊ फडक्याने ती काच पुसायचे. मी त्याला सवत म्हणायचे, आणि ह्यांना ते आवडायचं! दवाखान्यातून घरी परत येणार नाही हे कळल्यावर त्यांनी एवढंच मागितलं. "तो भंगारात घालू नकोस. धंदेवाल्यालाही देऊ नकोस. ऐकणाऱ्याच्या घरी दे." मी हो म्हटलं.

वर्षभर त्याच्यावर नुसती धूळ साचली, तेव्हा मुलीने जाहिरात टाकली. मजकूर माझा: "माझ्या यजमानांनी जिवापाड जपलेला. एकच मालक, घरगुती वापर. सुया अजून नाचतात." फोटो ह्यांनीच कधीतरी हौसेने काढून ठेवलेला होता, तोच लावला.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "लास्ट प्राइस?" एकाने बदल्यात माशांची टाकी देऊ केली, माशांसकट. एकाला आत तांबं किती निघेल ते हवं होतं. एक म्हणे मी फौजेत आहे, येऊ शकत नाही, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. मुलीने हातातून फोन ओढून घेतला म्हणून वाचले. घासाघीस करणाऱ्यांना मी एकच उत्तर पाठवत होते, "यजमानांची आठवण आहे, भाव होणार नाही."

गव्हाणचे एक गृहस्थ मात्र सरळ घरी आले. सोन्याची जाड साखळी, पायात साध्या चपला. ॲम्पकडे बघून म्हणाले, "मावशी, पोराचे हलदीला लावाचा हाय. मांडवान आवाज पुरल ना?" हळदीच्या रात्री त्या सुयांचं काय होईल, या विचारानेच मी नाही म्हणून टाकलं. "नाय तं नाय," म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

त्यानंतर आला खारघरचा तरुण. मेसेजवर त्यालाही माझं 'यजमानांची आठवण आहे' गेलं होतं. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. आल्या आल्या माझ्या पाया पडला. सुया नाचल्या तसे त्याचे डोळे भरले. "काकू, बाबा गेल्यापासून आमच्या घरात गाणंच लागलं नाही." मी विरघळले. भावाबद्दल तो आता एक शब्द बोलला नाही, तरी मीच किंमत खाली आणली. निघताना ॲम्पला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या हातात नारळ दिला. सवतीची पाठवणी लेकीसारखी केली म्हणून मुलगी हसली. मी रडले.

आणि आता हे. जाहिरात त्याचीच, नावगाव सगळं तेच, भाव माझ्या दुप्पट. खाली लिहिलेलं: "माझ्या वडिलांनी जिवापाड जपलेला. एकच मालक, घरगुती वापर. सुया अजून नाचतात." मेल्याने शब्दसुद्धा माझे उचलले! माझ्या नवऱ्याला परस्पर आपला बाप करून मोकळा झाला.

फोटोही आमचाच होता. कडेचा आमचा पडदा दिसू नये म्हणून त्याने तो कापून जवळून दाखवला होता. त्यामुळे काच मोठी झाली होती, आणि त्या काचेत हे उभे होते. बनियन, खांद्यावर ते पुसायचं फडकं, दोन्ही हातांत धरलेला मोबाइल. जीभ किंचित बाहेर काढलेली, सुईत दोरा ओवतानाही तशीच काढायचे. हा फोटो माझ्याकडे इतकी वर्षं होता आणि मला ते कधी दिसले नव्हते. "अगं बाई," एवढंच मी म्हणाले. मग पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.

मुलीच्या फोनवरून मी त्याला लिहिलं, आत्ताचा फोटो पाठवा. लगेच आला. एका गाळ्यात जमिनीवर ॲम्पची चळत, दहा घरांतून आणलेली असेल, आणि सगळ्यांत खाली आमचा. काचेवर धूळ होती. मी लावलेलं कुंकू अजून तसंच होतं.

काय लिहावं ते सुचेना, आणि जे लिहिलं ते वाचून मलाच धक्का बसला. "लास्ट प्राइस?"

उत्तर आलं, "वडिलांची आठवण आहे, भाव होणार नाही."

"आई, आपलीच वस्तू दुप्पट पैसे देऊन आणायची?" मुलगी ओरडली. "लोक वेड्यात काढतील."

"काढू देत," मी म्हटलं. "पाठवणी केलेली लेक सासरी नीट नांदवत नसतील, तर माहेरी घेऊन येतात. रिक्षा बोलव."

ते मऊ फडकं अजून शोकेसच्या खणात होतं. ते मी पर्समध्ये टाकलं.