हेरबाईचं तोंड

आमची हेर पन्हाळ्याच्या तटावरून उडी मारायची आणि हातकणंगल्याच्या स्टेशनात चालत्या मालगाडीवर उतरायची. गोष्ट मी लिहायची, चित्रं माझी मैत्रीण काढायची. नव्वदीची सुरुवात, मुलींची शाळा, आम्ही आठवीत. स्टँडजवळ भाड्यानं मिळणाऱ्या कॉमिक्समध्ये हेर सगळे बाप्ये असायचे आणि बायका खुर्चीला बांधलेल्या. ते वाचून डोकं फिरलं आणि आम्ही आमचीच मालिका काढली. मैत्रिणीचे वडील शाहूपुरीत छापखान्यात होते. ते उरलेले कागद आणायचे, ते दुमडून टाचले की अंक तयार. वर्गातल्या मुली नंबर लावून वाचायच्या.

आणि त्या हेरबाईचं तोंड माझं होतं. मैत्रिणीनं तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण लांब वेणी, जाड भुवया आणि बसकं नाक असलेली वर्गात मी एकटीच होते. घरी या नाकावरून मला सगळे चिडवायचे. अंकात तेच नाक पिस्तुलासमोर ताठ उभं राहायचं. मला याहून जास्त काही नको होतं.

दिवाळीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. वडिलांची बदली झाली होती. उंच, बॉबकट केलेली, आणि खो-खोत असा सूर मारायची की पी.टी.च्या बाई शिट्टी वाजवायला विसरायच्या. मैत्रीण डबा खाता खाता तिच्याकडे बघत बसायला लागली. पुढच्या अंकात हेरबाईची वेणी गेली.

“वेणी कुठाय गं?” मी विचारलं.

“पळताना अडचण व्हती की,” ती म्हणाली.

नाकही सरळ झालं होतं. नाकाची पळताना काय अडचण होती, हे मी विचारलं नाही. नुसता जळफळाट चालला होता माझा. ती नवी मुलगी माझ्याशी फार चांगलं वागायची, त्याचा तर जास्तच राग यायचा.

पण गोष्ट माझ्या हातात होती. हेर म्हटल्यावर वेषांतर आलंच. मी तिला हेल्मेट घातलं, ते उतरवायची वेळ आली तेव्हा तोंडाला स्कार्फ बांधला, आणि एकदा तर आख्खा अंकभर मधमाश्या पाळणाऱ्याच्या जाळीत ठेवली. ‘तोंड दिसता कामा नये,’ असं गोष्टीखाली लिहून द्यायची. मैत्रीण मुकाट्यानं तसंच काढायची. मुलींना ते गूढ वाटलं, आवडलंही. मला बरेच दिवस शांत झोप लागली.

मग मी एक खलनायिका लिहिली. देशाचे गुप्त कागद विकणारी, दयामाया नसलेली बाई. दिसते कशी, ते लिहायचं राहून गेलं. मैत्रिणीनं चित्रं आणून दाखवली, फक्त शेवटचं पान कोरं ठेवलं होतं, कारण शेवट मी अजून दिला नव्हता. प्रत्येक पानावर त्या बाईचं तोंड होतं. जाड भुवया एकमेकींत घुसलेल्या, ओठ गच्च मिटलेले आणि नाक बसकं.

“ही मी हाय?”

“व्हय,” ती म्हणाली. जराही ओशाळली नाही. “हल्ली अशीच बघतीस की माझ्याकडं. रोज बघून पाठ झालंय मला.”

मला रडू आलं, आणि त्यातच कुठंतरी बरंही वाटलं. म्हणजे ती रोज बघत होती. मी पुन्हा पानं उलटली. हेरबाई पुन्हा जाळीत, तिचे साथीदार हेल्मेटात. माझ्याशिवाय आख्ख्या अंकात कुणाचं तोंडच दिसत नव्हतं.

अंकाच्या शेवटी वाईट माणसाला मारायचं, असा आमचा नियम होता. अपुरा अंक वाचून वर्गातल्या मुली मागे लागल्या, कड्यावरनं ढकल तिला. मी लिहायला बसले आणि तिला निसटून जाऊ दिलं. पुढच्या अंकातही दिलं. शाळा सुटेपर्यंत ती बाई कुणाच्या हाती लागली नाही.