चढलेली रेस आणि मामाजींची साक्ष

मी गाडी शिकले ती पन्नाशीला टेकल्यावर, आणि शिकले ती आईसाठी. आई अमरावतीला भावाकडे असते, मी अकोल्याला. तिचे गुडघे इतके गेलेत की एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि भावाच्या दुचाकीवर बसवत नाही. तिने घराबाहेर पडायचं तर मी रविवारी गाडी घेऊन जायचं, तिला पुढच्या सीटवर बसवायचं आणि वडाळीच्या तलावावर, नाहीतर नुसतंच बडनेऱ्यापर्यंत फिरवून आणायचं. मी पोचायच्या आधीच ती ठेवणीतलं पातळ नेसून दाराशी खुर्ची टाकून बसलेली असते. म्हणून माझ्या हातून गाडीची किल्ली गेली तेव्हा ती एकट्या माझ्या हातून गेली नव्हती.

गाडी जुनी आहे. तिचा एसी केव्हाच वारला आणि त्याचं सुतक फक्त मलाच लागलं, कारण नवरा उन्हाळ्यात लांब जातच नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी गाडीचा तळ तव्यासारखा तापतो. यावर तोडगा काढला तो मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. सगळी हयात मूर्तिजापूरकडे शेतात काढलेला माणूस. ट्रॅक्टरवर उन्हाचं बसायचं तर पायाखाली ओलं पोतं घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी एक गोणपाट दुहेरी घडी करून मला दिलं आणि बजावलं, "येतानी हे भिजवून पायाखाली टाकत जा, बाई. नाईतर पाय भाजतीन तुये." मी पहाटेच्या गारव्यात निघायची तेव्हा ते मागच्या सीटवर कोरडं पडलेलं असायचं. परतताना भावाच्या अंगणातल्या नळीखाली ते भिजवायचं आणि अंथरायचं. खरं सांगते, इतकं सुख त्या एसीनेही कधी दिलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात गाडीला खोड लागली. जाताना शहाण्यासारखी जायची. परतताना मात्र मूर्तिजापूर मागे पडलं की रेसवरून पाय काढला तरी इंजिन घुमतच राहायचं. न्यूट्रलला टाकली तर आणखीच किंचाळायची. मिस्त्रीने एकदा रेस कमी करून दिली, मग केबल बदलली, मग थ्रॉटल खोलून साफ केलं. त्याच्यापुढे गाडी अशी घुरघुरायची की जणू मांजरच. "ताई, यात तं काईच नाई," तो म्हणायचा. बिचारा खोटं बोलत नव्हता.

मग तो रविवार आला. घराच्या वळणावर मी पाय काढला, ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून मी किल्ली फिरवली. तोवर आमचं फाटक वाकलं होतं आणि शेजाऱ्यांची स्कूटर आडवी झाली होती. कुणाला खरचटलंही नाही.

गल्ली जमली आणि निकाल जागच्या जागी लागला. बाई घाबरली, ब्रेक समजून रेस दाबली. नवरा तेवढा प्रेमाने म्हणाला, "अगं होते असं. या वयात शिकलं की पाय चुकते." मी ओरडून सांगितलं की माझा पाय ब्रेकवर होता. जितकी ओरडले तितकी मी घाबरलेली ठरले. त्याने किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. आईला फोनवर काय सांगायचं तेच मला सुचेना.

त्या सगळ्या गलक्यात मामाजी तेवढे म्हणाले, "सून म्हणते पाय ब्रेकवर होता, तं होता." बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर मी तो आठवडा काढला. नवऱ्याशी बोलणं मी बंद केलं होतं, पण मामाजींच्या ताटात भाकरी जरा जास्तच मऊ पडत होती.

गाडी पुन्हा मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. मामाजी नेहमीप्रमाणे बादली आणि फडकं घेऊन गाडी आतून पुसायला निघाले. ही त्यांची रीत. बैल डॉक्टरकडे न्यायचा तरी आधी धुऊन, शिंगं पुसून न्यायचा. दुसऱ्याच्या दारात आपली घाण न्यायची नाही. मी पायरीवर फुगून बसले होते. बोलून गेले, "कितीही चकचकीत करा, त्याच्याकडे ती शहाणीच वागणार. त्या दिवशी होती तशी थोडीच असते तिथे!"

मामाजींचा हात थांबला. "त्या दिवशी कशी होती?"

"अशीच. धुळीने भरलेली, तापलेली. खाली तुमचं पोतं."

भिंतीवर वाळत घातलेलं पोतं त्यांनी आणलं, बादलीत बुडवलं आणि माझ्या सीटपुढे अंथरलं. आतून किल्ली मागून आणली. "बस बरं. चालवू नको. रस्त्यावर जसे पाय हालवतं, तसे हालव."

न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून मी क्लच, ब्रेक, रेस असं करत राहिले. ओलं जड पोतं टाचांबरोबर पुढे सरकत होतं, ते मला जाणवतही नव्हतं. एकदा रेस दाबून मी पाय काढला आणि इंजिन वरच राहिलं. तोच तो आवाज. मामाजींनी वाकून आत हात घातला. पोत्याची घडी चढून रेसच्या पेडलवर बसली होती. त्यांनी ती ओढली, इंजिन खाली आलं. परत सरकवली, परत चढलं. दर खेपेला घरी आल्यावर पोतं वाळत घालणारे आणि मिस्त्रीकडे जाण्याआधी गाडी लख्ख करणारे तेच होते. मिस्त्रीला दिसणार काय, कपाळ!

त्यांचा चेहरा पडला. ते ओट्यावर टेकले. मीच म्हणाले, "मामाजी, जाऊ द्या. पोतं काढून टाकू, झालं. कुणाला सांगायची गरज नाही." अगदी मनापासून म्हणाले. ज्यांनी माझ्या पायांची काळजी केली त्यांना गल्लीसमोर उभं करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"काहून नाई सांगाचं?" ते उठलेच. "तुले बोल लागला तो चारचौघात, आन् मी गप बसू?"

त्या संध्याकाळी त्यांनी ज्यांची स्कूटर पडली होती त्यांना बोलावलं, गल्लीतल्या इतरांना बोलावलं, नवऱ्याला समोर उभं केलं. पुन्हा पोतं टाकून, स्वतः हाताने दाबून इंजिनाचा तो आवाज सगळ्यांना ऐकवला. "पोतं मायं. घडी मायी. सुनेचा पाय ब्रेकवरच होता," ते म्हणाले. मग मला आईला फोन लावायला सांगितलं. आपल्या विहीणबाईंशी ते एरवी दिवाळीला तेवढं बोलतात. "ईनबाई, पोरगी चुकली नोती. मी चुकलो. येत्या रविवारी येते थे." आई पलीकडे आधी रडली आणि मग त्यांना जेवायलाच या म्हणाली.

आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो ते रीत म्हणून. त्या दिवशी मी पडले ते रीत म्हणून नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सुनेचा शब्द खरा ठरावा म्हणून आपली चूक भर गल्लीत उचलून धरली होती.

रविवारी ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मामाजी कुणाच्याही गाडीत डोळे मिटत नाहीत. मुलगा चालवत असला तरी वरची कडी धरून समोर बघत बसतात. बोरगाव यायच्या आधीच त्यांची मान कलली आणि ते घोरायला लागले. मी काच थोडी वर केली आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून अमरावतीपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.