साडेतीन इंच

माझ्या थोरल्या भावाला सगळा बाजार ‘इंची’ म्हणतो. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. तो गाड्यांना चाकं निवडून देतो आणि बसवतो. रोजच्या गाड्यांना तो हात लावत नाही. जुन्या, दोनच माणसांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणारी हौशी मंडळी त्याच्याकडे येतात. शेजारच्या गाळ्यात मी सीटची कव्हरं शिवते. मधली भिंत अर्धीच बांधलेली, त्यामुळे तो गिऱ्हाइकाला काय ऐकवतो ते मला ऐकावं लागतं, आणि त्यावर मी काय पुटपुटते ते त्याला.

त्याची पद्धत एकच आणि ठरलेली. त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या गोल चकत्या आहेत. तेरा इंची, चौदा इंची, पंधरा इंची. एकीवर तारांचं चाक रंगवलंय, दुसरीवर जाड पाच पात्यांचं, तिसरीवर साधं पत्र्याचं. गाडीच्या चाकावर चकती टेकवायची आणि गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे धाडायचं. तिथल्या फुटपाथवर त्याने पांढऱ्या रंगाने दोन पावलं काढून ठेवली आहेत.

“तिथं उभे राहा आणि बघा,” तो म्हणतो. “चाक जवळून निवडायचं नसतं.”

माणूस पावलांवर उभा राहिला की याचं प्रवचन सुरू. चाक मोठं घेतलं तर नाकापेक्षा मोती जड होतो. टायर उंच घेतला तर गाडी बेडकासारखी दिसते. एका दंतवैद्याने हट्टाने उंच टायर मागितले, तर दादा त्याला म्हणाला, “साहेब, मी तुमच्याकडे येऊन घोड्याचे दात मागतो का?” दंतवैद्य रागावून गेला आणि आठ दिवसांनी परत आला, तेरा इंची चाकं घ्यायला. दादाच्या शब्दाला असा मान आहे.

आणि या माणसाच्या स्वतःच्या गाडीला अकरा वर्षं चाकं नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ती गाडी त्याने भंगारातून आणली. गाळ्यांना लागूनच असलेल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि एकेक भाग उभा केला. पत्रा झाला, इंजिन झालं, गडद हिरवा रंग झाला, माझ्या हातची तपकिरी सीटं झाली. राहिली फक्त चाकं. दर वर्षी तो चकत्या टेकवायचा, लांब जाऊन बघायचा आणि मान हलवायचा. गिऱ्हाइकाचं काम तासाभरात उरकणारा दादा स्वतःच्या चाकापाशी आला की घोडं अडायचं. मला विचाराल तर त्याला गाडी पुरी व्हायलाच नको होती. पुरी झाली की रविवारी करायचं काय?

वहिनींची मात्र तक्रार नव्हती. त्यांनी ती गाडी कधीच आपलीशी केली होती. दुपारची कामं आटोपली की चहाचा कप आणि शब्दकोडं घेऊन त्या शेडमध्ये जायच्या, दार उघडून शेजारच्या सीटवर बसायच्या. ठोकळ्यांवर असल्यामुळे सीट खुर्चीएवढी उंच होती. त्यांचं मागणं एवढंच, “एकदा मला यातून तळ्यापर्यंत न्या. मग ठेवा हवी तर पुन्हा ठोकळ्यांवर.” गेल्या वर्षीपासून त्या त्यात एक वाक्य जोडायला लागल्या होत्या, “माझे गुडघे काही तुमची वाट बघत बसणार नाहीत हं.” आम्ही हसायचो. हसायला आमचं काय जात होतं?

शेवटी या वर्षी दादाने निवड केली. तेरा इंची, तारांची चाकं, वर बुटके टायर. दोन आठवडे तो एकेक तार बोटाने छेडून, आवाज ऐकून ताणत बसला होता. एका रविवारी सकाळी ठोकळे काढले आणि गाडी जमिनीवर उतरली. ढकलत बाहेर आणली. आम्ही तिघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. खरं सांगते, इतकी देखणी गाडी मी पाहिली नाही. रस्त्याला टेकल्यासारखी बसली होती. दादाने चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

वहिनींनी डोक्याला रुमाल बांधला होता, पिशवीत पाण्याची बाटली घेतली होती. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि खाली वाकायला लागल्या. वाकल्या, आणखी वाकल्या, आणि अर्ध्यात गुडघ्याने दगा दिला. धप्पकन आत पडल्या. पहिल्यांदा त्याही हसल्या. मग नीट बसावं म्हणून उठायला गेल्या, तर उठताच येईना. दादाने एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्यांना पोत्यासारखं ओढून बाहेर काढलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“तुम्ही दोघं या जाऊन,” त्या म्हणाल्या. “मला काय, आज नको.”

अर्थात कोणी गेलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “अकरा वर्षं रोज बसले हो मी त्यात. मला वाटायचं, माझीच गाडी आहे.”

मला रडू आलं आणि रागही आला. राग काढायला दादाच होता. शेडमध्ये जाऊन मी त्याला फैलावर घेतलं.

“अकरा वर्षं मापं घेतलीस! नटाचं घेतलंस, बोल्टचं घेतलंस. बसणाऱ्या माणसाचं घेतलंस का कधी?”

 मग माझ्याच लक्षात आलं की सीट शिवताना मीही वहिनींची पाठ मोजली, रुंदी मोजली, पण ठोकळ्यांवरच. ती गाडी कधीतरी खाली उतरणार आहे हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. 

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्वयंपाकघरात आला तो एक बुटकं स्टूल, फळ्यांची चवड आणि टेप घेऊन.

“बस बघू यावर,” तो वहिनींना म्हणाला.

“अहो, काय चाललंय?”

“बस, आणि हात न टेकता ऊठ.”

वहिनी बसल्या, उठल्या. त्याने एक फळी काढली. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. अशा फळ्या कमी करत करत सोळा इंचांवर घोडं थांबलं. त्याखाली हात टेकल्याशिवाय उठणं नाही. दादाने कागदावर लिहिलं, सोळा. गाडीची सीट जमिनीपासून साडेबारा होती. साडेतीन इंच कमी.

“गादी साडेतीन इंच वाढवते मी,” मी म्हणाले.

“म्हणजे ती काचेच्या वरून बघणार आणि वारा तोंडावर घेणार. तू एकच इंच दे. एक मी गाडीच्या स्प्रिंगखाली घालतो.”

“आणि बाकीचं दीड?”

तो उठून गाळ्यात गेला आणि पंधरा इंची चकती घेऊन आला. पत्र्याच्या चाकाची.

ती चाकं त्याला मिळाली एका दूधवाहू गाडीची. नटांची भोकं तंतोतंत जुळली. वर उंच, गुबगुबीत टायर. बाजारात बातमी जायला वेळ लागला नाही. पलीकडचा रंगारी येऊन चक्क तोंडावर म्हणाला, “इंचीशेठ, दूध कधीपासून वाटणार?” तो दंतवैद्य तर मुद्दाम दवाखाना बंद ठेवून आला, पांढऱ्या पावलांवर उभा राहिला आणि पोट धरून हसला. दादाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

टायर मडगार्डला घासतो का हे बघायला तो आतल्या बाजूने मुलांच्या खेळण्यातली माती थापतो आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवतो. मातीवर ओरखडा उठला की जागा कमी. एरवी हे तो रिकाम्या गाडीत करतो. या वेळी शेजारी वहिनींना बसवलं. डाव्या बाजूला ओरखडा उठला. त्याने मडगार्डची कड आत दुमडली आणि त्यांना पुन्हा बसवलं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा माती कोरी निघाली. वहिनी म्हणाल्या, “एवढं माप तर लग्नाआधीसुद्धा कोणी घेतलं नव्हतं माझं.”

रविवारी गाडी पुन्हा रस्त्यावर आली. वहिनींनी दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि बसल्या. कुणी हात दिला नाही, त्यांनी लागूही दिला नसता. दादा स्टिअरिंगशी बसला. मी रस्ता ओलांडून पांढऱ्या पावलांवर जाऊन उभी राहिले.

“कशी दिसते?” त्याने ओरडून विचारलं.

खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. “बेडकासारखी!”

दादा मोठ्याने हसला आणि त्याने इंजिन चालू केलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “थांबा हो, चष्मा राहिला.” त्या उतरल्या. आपल्या आपण. आत गेल्या, बाहेर आल्या, बसल्या. दादाने गिअर टाकला, तर म्हणाल्या, “अगंबाई, मागचं दार लावलं का?” पुन्हा उतरल्या, पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा रुमाल राहिला होता.

रुमाल त्यांच्या डोक्याला होता. चष्मा पहिल्यापासून डोळ्यांवरच होता, आणि मागचं दार मी स्वतः लावलं होतं. दादाला हे सगळं दिसत होतं. त्याने इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, “आठवून बघ, आणखी काही राहिलं असेल.”